विहिरीत पोहणाऱ्याने स्कूबा शिकताना: नवं काय घ्यावं, काय सोडावं

प्रश्न असा आहे: "मी पैठण तालुक्यातला. पोहायला लहानपणी विहिरीतच शिकलो. तारकर्लीला दोनदा पाण्याखाली जाऊन आलो, आता रीतसर कोर्स करायचा आहे. नायट्रॉक्स, डाइव्ह कॉम्प्युटर, साइडमाउंट, फुल-फेस मास्क, हातपंपाने भरायचे छोटे सिलिंडर असं बरंच काही नवीन आलेलं दिसतं. यातलं खरंच कामाचं काय? आणि सराव नाथसागरात किंवा आमच्या विहिरीत केला तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: दोन्हीकडे नाही. कारणं ओघात येतीलच.

तारकर्ली-मालवणला केलं ते 'ट्राय डाइव्ह'. त्यात प्रशिक्षक तुमचं सिलिंडर वरून धरून ठेवतो, जाकिटात (बीसीडीत) हवा तोच भरतो, तोच सोडतो. तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. अनुभव म्हणून छान आहे, पण कोर्सच्या हिशेबात तो शून्य. गेल्या काही वर्षांत हा धंदा इतका वाढला, की मोबाइलमधला व्हिडिओ म्हणजेच पात्रता असं पुष्कळांना वाटू लागलं आहे. स्वतःला एकच विचारा: प्रशिक्षकाने हात सोडला असता तर ५ मीटरवर ३ मिनिटं जागच्या जागी थांबता आलं असतं का? नसेल, तर कोर्स त्यासाठीच आहे. पहिल्या पातळीचा ओपन वॉटर कोर्स साधारण ३-४ दिवसांचा असतो. आधी तलावातला सराव, मग समुद्रात ४ डाइव्ह, आणि शेवटी १८ मीटरपर्यंतची परवानगी. पोहण्याची अट २०० मीटर आणि १० मिनिटं तरंगणं एवढीच. विहिरीत शिकलेल्याला ती जड जायची नाही.

थिअरी आता मोबाइलवर घरी बसून पूर्ण करता येते. समुद्रापासून रात्रभराच्या अंतरावर राहणाऱ्यांना नव्या गोष्टींतली ही खरी सोय. किनाऱ्यावरचे दिवस वर्गात न जाता पाण्यात जातात. आरोग्याचा फॉर्मही घरीच भरा. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, वरचेवर होणारा सायनस, यातलं काही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. हे काम गावी असतानाच करा. पैसे भरून, बोटीची वेळ झाल्यावर फॉर्म हातात आला की माणूस सगळीकडे 'नाही'वर खूण करून मोकळा होतो.

आता नव्या गोष्टींकडे. सगळ्यात मोलाचा बदल विकत मिळत नाही. पूर्वी विद्यार्थ्यांना तळावर गुडघे टेकवून बसवायचे आणि तशाच अवस्थेत मास्क रिकामा करणं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन) तोंडातून काढून परत लावणं शिकवायचे. चांगल्या ठिकाणी आता हेच सगळं पहिल्या दिवसापासून तरंगत, आडव्या अवस्थेत शिकवतात. याचं कारण साधं आहे: खऱ्या डाइव्हमध्ये गुडघे टेकायला जागाच नसते. असली तरी तिथे प्रवाळ असतं, किंवा उडणारी वाळू असते. गुडघ्यावर शिकलेला माणूस मास्कमध्ये पाणी शिरलं की पहिल्यांदा उभा होतो, पाय मारतो आणि वर निघतो. श्वास रोखून वर येणं हाच स्कूबातला सगळ्यात मोठा धोका. जेमतेम सव्वा मीटर वर आलात तरी भरलेल्या फुप्फुसाला इजा होऊ शकते. कोर्स निवडताना म्हणून एवढं जरूर विचारा: "कौशल्यं गुडघ्यावर शिकवता की तरंगत?"

तरंगण्याची किल्ली वजनात आहे. नवख्याला ओझं जास्त बांधायची सवय सगळीकडेच आहे, कारण जड माणूस झटकन खाली जातो आणि प्रशिक्षकाचा वेळ वाचतो. त्याचा परिणाम बघा. ४ किलो जादा बांधले की ते उचलायला बीसीडीत ४ लिटर जादा हवा भरावी लागते. १० मीटरवर ही ४ लिटर असलेली हवा ५ मीटरवर येईपर्यंत सव्वापाच लिटर होते, म्हणजे काही न करता सव्वा किलोहून जास्त उचल मिळाली. मग माणूस वर सुटतो, घाबरून हवा सोडतो, दगडासारखा खाली जातो, परत हवा भरतो. यात हवा संपते आणि कानही दुखतात. वजन ठरवायची रीत अशी: सिलिंडरमध्ये ५० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीएवढा श्वास घेऊन थांबा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेलं असताना तपासत असाल तर साधारण २ किलो जास्त धरा, कारण २०० बारपासून ५० पर्यंत जी हवा वापरली जाते तिचंच वजन तेवढं असतं. पाय सारखे खाली जात असतील तर कमरेचं थोडं वजन वर, सिलिंडरच्या पट्ट्याकडे सरकवा.

गोड्या पाण्याचा हिशेब वेगळा. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे सामानासकट १०० किलो भरणाऱ्याला तलावात साधारण अडीच किलो कमी पुरतं. तलावात जमलेलं वजन समुद्रात तसंच बांधलं, तर खाली जाता येत नाही म्हणून पहिला दिवस वाया जातो.

हवा किती पुरते हेही कागदावर मांडता यायला हवं. नेहमीचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर ११.१ लिटरचं असतं. २०० बारपैकी ५० राखून ठेवले की वापरायला १५० बार, म्हणजे सुमारे १६६५ लिटर हवा उरते. नवखा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर, आणि वेळ जेमतेम ४१ मिनिटं. २० मीटरवर ६० लिटर, वेळ २७ मिनिटं. सिलिंडरमध्ये ही साधी, साफ हवाच असते बरं का, ऑक्सिजन नाही. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली विषारी ठरतो.

डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून पाण्याखाली किती थांबता येईल ते सांगणारं यंत्र, मात्र घ्याच. दाबाखाली हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि दाब झटकन उतरला की त्याचे बुडबुडे होऊन इजा करतात. हल्लीचे बहुतेक चांगले कॉम्प्युटर ब्यूलमान या स्विस डॉक्टरांच्या पद्धतीवर चालतात. शरीराचे १६ काल्पनिक भाग मानून प्रत्येकात किती नायट्रोजन साठला ते यंत्र दर काही सेकंदांनी मोजत राहतं. त्यात 'ग्रेडियंट फॅक्टर' नावाचे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०/८५. दुसऱ्या आकड्याचा अर्थ असा, की पृष्ठभागावर येताना सिद्धांताने जी मर्यादा दिली आहे तिच्या ८५ टक्क्यांपर्यंतच जाऊ द्यायचं. ३५/७५ ठेवलं तर यंत्र आणखी सावध होतं आणि पाण्यातला वेळ कमी देतं. आपल्याकडच्यांनी सावध बाजूच धरावी, कारण पुढे सांगतो. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. जोडीदार दीड मीटर वर पोहत असेल तरी त्याचा हिशेब वेगळा होतो. दोघांची यंत्रं वेगळं सांगत असतील तर जास्त सावध असलेल्याचं ऐकायचं. मनगटी स्मार्टवॉचमध्येही हे आलं आहे. अॅपल वॉच अल्ट्रा २०२२ मध्ये आलं, त्यावर योग्य अॅप घातलं की ४० मीटरपर्यंत ते डाइव्ह कॉम्प्युटरचं काम करतं. पण दिवसभर फोनसारखं वापरलेलं घड्याळ बोटीवर पोहोचेपर्यंत चार्जिंगला आलेलं असतं. साधा, बॅटरी बदलता येणारा कॉम्प्युटर जास्त भरवशाचा.

कॉम्प्युटर काहीही म्हणो, वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत आणि ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा हे पक्कं.

आता आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कोर्समध्ये अर्धा मिनिटही कोणी देत नाही: घाट. विमानात बसण्याआधी किती थांबायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकच साधी डाइव्ह असेल तर निदान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास, आणि डीकम्प्रेशनचे थांबे (साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यावेच लागणारे) घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ. पण हा नियम काही विमानाचा नाही, कमी होणाऱ्या हवेच्या दाबाचा आहे. डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीत त्याची सुरुवात सुमारे ६०० मीटर उंचीपासून होते, आणि अमेरिकी नौदलाचा तक्ता तर सुमारे ३०० मीटरपासूनच हिशेब धरतो. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणहून छत्रपती संभाजीनगर, बीड किंवा लातूरला यायचं तर सह्याद्री ओलांडावाच लागतो, रस्ता आंबोलीचा असो, फोंड्याचा असो की गगनबावड्याचा. वर चढल्यावर खाली उतरायचं नसतंच, पुढे घरापर्यंत पठार. संभाजीनगर स्वतः ५७० मीटरच्या आसपास आहे.

नेहमीचा बेत मात्र असा असतो: शनिवारी दोन, रविवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी मासे-भात, चारला गाडी, सहाला घाटमाथा, आणि सोमवारी कामावर हजर. अंगात नायट्रोजन भरलेला, उन्हाने पाणी कमी झालेलं, झोप अपुरी, वर रात्रभर गाडी. ट्राय डाइव्हवाल्याला यात धोका कमी. ५-६ मीटरवर २० मिनिटांत साठणारा नायट्रोजन फार थोडा असतो. पण १८ मीटरच्या चार-चार डाइव्ह करणाऱ्याने शेवटची डाइव्ह आदल्या दिवशी दुपारपर्यंत संपवावी, रात्र किनाऱ्यावरच काढावी आणि सकाळी निघावं. सुट्टी एक दिवस वाढवा किंवा डाइव्ह दोन कमी करा, तिसरा मार्ग नाही. जाताना उलट काही अडचण नाही, घाट उतरून समुद्राकडे येणाऱ्याचं शरीर सुरक्षित बाजूलाच असतं.

डाइव्हनंतर खांदा-कोपरासारख्या सांध्यात खोल दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, विलक्षण थकवा, चालताना तोल जाणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही दिसलं तर पेशंटला गाडीत घालून घाट चढवू नका. आडवं झोपवा आणि घट्ट बसणाऱ्या मास्कमधून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू करा. मग डायव्हिंग-वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून दाबकक्ष (पेशंटला परत दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) असलेलं ठिकाण ठरवा. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. 'सांधा धरला असेल' म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन झोपणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

नायट्रॉक्सला, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेल्या हवेला, या संदर्भात किंमत आहे. ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण घेऊन १८ मीटरवर गेलात, तर नायट्रोजनच्या हिशेबाने तुम्ही साध्या हवेवर १४ मीटरलाच आहात. पाण्यातला वेळ वाढवायला लोक हे वापरतात. त्यापेक्षा वेळ तोच ठेवून कॉम्प्युटर साध्या हवेवर लावावा आणि ती बचत अंगात राहू द्यावी, असं माझं मत आहे. मात्र त्याला खालची मर्यादा असते: ३२ टक्क्यांना सुमारे ३३ मीटर, ३६ टक्क्यांना २८ मीटर. त्याखाली ऑक्सिजनमुळे पाण्यातच झटके येऊ शकतात, आणि झटका आला की रेग्युलेटर तोंडातून सुटतो. कॉम्प्युटर हवेवर लावला असेल तर तो ही मर्यादा दाखवणार नाही, म्हणून ती स्वतः मोजून सिलिंडरवर टेपने चिकटवा. मिश्रणही स्वतः मीटर लावून तपासा, लेबलवर विसंबू नका.

लांब होज (रेग्युलेटरची हवेची नळी) आणि धातूची पाठपट्टी ही पद्धत आता गुहेतल्या डायव्हरांकडून सर्वसाधारण डायव्हरांपर्यंत आली आहे. त्यातला तर्क पटण्यासारखा आहे: हवा संपलेला माणूस तुमच्या तोंडातला रेग्युलेटरच ओढतो, म्हणून तोच लांब होजवर ठेवायचा आणि दुसरा गळ्यात अडकवायचा. साइडमाउंट, म्हणजे पाठीऐवजी दोन्ही बगलांना सिलिंडर, हे पाठीचं दुखणं असणाऱ्यांना सोयीचं, पण पहिल्या ५० डाइव्हमध्ये त्याचा विचारही नको. रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत वापरणारं यंत्र, तर आणखी दूर. त्यात ऑक्सिजन कमी झाला तर कसलीही चाहूल न लागता शुद्ध जाते.

पहिली खरेदी मास्कची करा. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. मग कॉम्प्युटर. तिसरी वस्तू नारिंगी फुगवायची नळी, डायव्हर तिला 'सॉसेज' म्हणतात, आणि सोबत १५ मीटर दोरीचं रीळ. मालवणच्या पाण्यात मासेमारी होड्या, प्रवासी लाँचा आणि जेट स्की एकाच जागी फिरतात, वर येणारं डोकं कोणाला दिसत नाही. ५ मीटरच्या थांब्यावरून नळी वर सोडायची, आणि रीळ हातात धरायचं, अंगाला अडकवायचं नाही. अडकवलेलं रीळ जाम झालं की नळीबरोबर माणूसही वर जातो. रेग्युलेटर आणि बीसीडी भाड्याचंच वापरा. सिलिंडर घेताना खांद्यावर ठोकलेली हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासतात त्या चाचणीची) तारीख बघा, आणि कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड बोटीच्या किंवा जनरेटरच्या धुराजवळ तर नाही ना तेही बघा. हवेला तेलाचा वास आला तर ते सिलिंडर परत करा. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, आणि पृष्ठभागावरचा १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग) ३० मीटरवर ४० पीपीएमइतकं नुकसान करतो. खिशात मावणारे त्याचे मीटर आले आहेत, चार-पाच जणांत मिळून एक घेतला तरी पुरे.

फुल-फेस मास्क दोन प्रकारचे. पृष्ठभागावर पोहताना वापरायचे स्वस्त मास्क घेऊन बुडी मारायची नसते. त्यात नाक दाबून कान मोकळे करता येत नाहीत, आणि वाईट बनावटीचा असेल तर सोडलेला श्वासच परत आत येतो. व्यावसायिक कामाचे मास्क वेगळे, त्यांचं प्रशिक्षणही वेगळं.

आणि आता ते हातपंपाचे छोटे सिलिंडर. आपल्या भागात ते कशासाठी मागवले जातात हे उघड आहे: विहिरीतली मोटर किंवा फूटवॉल काढायला. अर्ध्या लिटरची बाटली २०० बारला भरली तरी त्यात १०० लिटर हवा मावते. दोन परस खाली, म्हणजे साधारण साडेतीन मीटरवर, शांत माणसाला ती पावणेचार मिनिटं पुरेल. १२ मीटरवर दोन-सव्वादोन मिनिटं. पण गाळात अडकलेली मोटर ओढणारा माणूस शांत नसतो, तो मिनिटाला ४० लिटरहून जास्त ओढतो, आणि मग १२ मीटरवर मिनिटभरच. हवा संपल्यावर तो श्वास रोखून सुसाट वर येतो. नुसती बुडी मारणाऱ्याची फुप्फुसं वर येताना पूर्वीच्या आकाराला येतात, पण ज्याने खाली दाबाची हवा घेतली आहे त्याची फुप्फुसं फाटू शकतात. विहिरीत जन्म गेलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला हा फरक सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि त्याची जुनी सवय नेमकी श्वास रोखायचीच असते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून उतरण्याचा प्रकार तर त्याहून वाईट, त्यात तेलाची वाफ आणि धूर सरळ छातीत जातो.

विहिरीत इतरही धोके आहेत. पाणी खोल गेलेल्या अरुंद विहिरीत पाण्यावरची हवाच खराब असू शकते, आणि आत उतरवलेलं डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर ती जीवघेणी असते. कंदील सोडून बघायची जुनी रीत ऑक्सिजन फार कमी असेल तर सांगते, कार्बन मोनॉक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. मोटर पाण्यात असताना फ्यूज काढून स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. मोटर काढायला चेन पुली आणि गळ पुरतात. नवी बसवताना सुरुवातीलाच तिला वेगळी नायलॉनची दोरी बांधून ती वर अँगलला अडकवली, तर बुडी मारायची वेळच येत नाही.

नाथसागराचं कारण वेगळं. पाण्यात मासेमारीची नायलॉनची जाळी, बुडालेली झाडं-विहिरी आणि गढूळपणा. शिवाय तो पक्षी अभयारण्याचा भाग आणि धरणाचं क्षेत्र, परवानगीशिवाय उतरताच येत नाही. दरवाजे आणि कालव्याच्या तोंडाजवळची ओढ तर दिसतही नाही. ३० सेंटिमीटर व्यासाचं भोक आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५ मीटरचा फरक असला, तर त्याला चिकटलेल्या माणसावर साडेतीनशे किलोंचा दाब येतो. दोरीने चार जण ओढूनही तो सुटत नाही. भरीला उंची ४६० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीचे तक्ते तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सराव शहरातल्या जलतरण तलावात करा, जीवरक्षक असताना. मास्क पाण्याने भरून नाकाने श्वास सोडत रिकामा करणं, मास्कशिवाय स्नॉर्कलमधून दोन मिनिटं श्वास घेणं, फिन घालून गुडघा न मोडता मांडीपासून पाय मारणं, एवढं महिनाभर केलंत तर कोर्स अर्धा सोपा होतो. श्वास रोखून तळाने लांब जाण्याची पैज मात्र तलावातही नको, त्याआधी भराभर श्वास घेणं तर नकोच. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि श्वासाची हाक उशिरा येते. १० मीटरवर फुप्फुसात ८ टक्के ऑक्सिजन उरला असला तरी तिथल्या दाबामुळे शुद्ध राहते, वर येताच तो दाब निम्मा होतो आणि माणूस शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये गप्पकन बेशुद्ध पडतो. फ्रीडायव्हिंगची, म्हणजे सिलिंडरशिवाय श्वास रोखून बुडी मारायची हौस असेल तर तिचाही वेगळा कोर्स आहे, त्यात एक जण खाली तर दुसरा वर लक्ष ठेवून, हा नियम मोडत नाहीत.

मालवणचा समुद्र मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतो आणि त्यानंतरही काही आठवडे पाणी गढूळच. डिसेंबर ते मार्चमधली तारीख घ्या, नाताळाची गर्दी टाळा, आणि नाव नोंदवताना एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती विद्यार्थी असतील ते लेखी विचारून घ्या.